लाल ठिपका

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरून पितळी समया, गेल्या वर्षीचा आकाशकंदील आणि एखादा जुना कॅमेरा, असे तिघे बरोबरच खाली येतात. समया चिंचेने घासल्या जातात, आकाशकंदिलाला नवा कागद मिळतो; कॅमेऱ्याकडे मात्र सौ. अशा नजरेने पाहतात, की त्याने स्वतःहूनच भंगारवाल्याच्या टोपलीत जाऊन बसावे. वाचकहो, तुमच्या घरीही तो असेलच. यंदा त्याला टोपलीत टाकण्यापूर्वी एक करा. त्याच्या भिंगावरची फिरती कडी नीट पाहा. तिच्यावर अंतराचे आकडे आहेत, त्यांच्यासमोर एक पांढरी रेघ आहे, आणि त्या रेघेच्या अगदी लगत एक लाल ठिपका आहे. काही भिंगांवर ठिपक्याऐवजी लाल रेघ असते, काहींवर इंग्रजी ‘आर’ हे अक्षर. (भिंग कॅमेऱ्यावर चढवताना जुळवायचा लाल ठिपका तो निराळा. तो भिंगाच्या बुडाशी असतो. या दोघांची गल्लत करू नका. मी वीस वर्षे करीत होतो.)

हा ठिपका कशासाठी, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. गेल्या वर्षी ते विचारण्याची वेळ आली, ती आमच्या शेजारच्या अम्मांमुळे.

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहतो. विठ्ठलवाडी स्टेशनला उतरायचे, रिक्षावाल्याला लालचक्की सांगायचे आणि मग गल्ल्यांच्या पोटात शिरायचे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले. बराकी गेल्या, इमारती आल्या. पण ‘कॅम्प’ हा शब्द पत्त्यातून गेला नाही. आमच्या जिन्याच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला अम्मा, आणि खाली जीन्स शिवणारा कारखाना. त्याची यंत्रे सुरू झाली, की आमच्या कपबशाही नाचू लागतात.

अम्मांचे वय पंचाऐंशीच्या पुढे. शिकारपूरहून आल्या तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या पेटीत वडिलांच्या हातचा एक कागद होता. पोस्टकार्डाएवढा, चार घड्यांचा. निघण्याच्या आदल्या रात्री वडिलांनी घरातल्या वस्तूंची यादी केली होती: काय बरोबर घेतले आणि काय कुणाकडे ठेवले. परत आल्यावर मागून घ्यायला सोपे जावे म्हणून. हा कागद पेटीत अठ्ठावन्न वर्षे सुखाने राहिला. मग २६ जुलै २००५ आला. त्या वेळी अम्मांचे घर वालधुनीच्या काठच्या वस्तीत होते. पाणी पलंगापर्यंत चढले, पेटी दोन दिवस पाण्यात राहिली, आणि यादीचा एक जांभळा डाग झाला.

जांभळा का, ते जुन्या वाचकांना चटकन उमजेल. पूर्वी रेल्वेच्या पार्सल कचेरीत आणि पेढ्यांवर एक पेन्सिल असे. कोरडी असताना ती काळपट लिही. जिभेला लावून ओली केली, की जांभळी होई आणि मग रबराने पुसता येत नसे. कॉपिंग पेन्सिल. अम्मांच्या वडिलांनी यादी तिनेच लिहिली होती, फक्त शेवटची एक ओळ शाईची होती. पुराच्या पाण्याने पेन्सिलीतला जांभळा रंग सगळ्या कागदावर पसरवला आणि अक्षरे त्याच्या पोटात बुडाली.

“पुट, तू फोटो काढतोस ना,” अम्मा एकदा म्हणाल्या, “मग याचा असा फोटो काढ, की डाग येणार नाही आणि अक्षर येईल.”

मी हसलो. पण रात्री विचार करता करता लक्षात आले, की अम्मांनी मागितले ते अगदीच अशक्य नव्हते. कॉपिंग पेन्सिलीत दोन पदार्थ असतात: साध्या पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि पाण्यात विरघळणारा जांभळा रंग. पाण्याने रंग वाहून नेला. ग्रॅफाइट विरघळत नाही, ते जागच्या जागी राहिले असणार. आता असा उजेड हवा, की ज्याला जांभळा रंग दिसू नये आणि ग्रॅफाइट दिसावे. असा उजेड आहे. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, एवढीच त्याची अडचण.

आपल्या डोळ्यांचा कारभार फार लहान टापूत चालतो. प्रकाशाच्या लहरी मोजायला नॅनोमीटर वापरतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातला एक. सुमारे ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत, आपल्याला दिसते. तांबड्याच्या पलीकडचा तो अवरक्त. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांत उष्णतामापक ठेवले, तेव्हा तांबड्याच्या बाहेर, जिथे काही दिसत नव्हते तिथे, पारा सर्वांत अधिक चढला. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत रिटरने जांभळ्याच्या बाहेर चांदीचा क्षार ठेवला, तर तो उजेडातल्यापेक्षा लवकर काळा पडला. हे किरण आमच्या पुस्तकात ‘जंबुपार’ होते. हल्लीची मुले त्यांना अतिनील म्हणतात. मला जंबुपारच बरे वाटते.

घरातल्या मुलांना अवरक्त दाखवायचे असेल, तर टीव्हीचा रिमोट घ्या. त्याचे तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याकडे करा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही. पडद्यावर मात्र एक फिकट जांभळा दिवा लुकलुकेल. आमच्या नातवाने याच्या जोरावर गल्लीत दोन दिवस जादूगारकी केली.

तर जांभळा रंग अवरक्तात पारदर्शक होतो आणि ग्रॅफाइट काळेच राहते. काजळाचेही तेच. म्हणूनच बोरूने काजळी शाईत लिहिलेला जुना मोडी कागद डागाळला असला, तरी अवरक्तात वाचता येण्याजोगा निघू शकतो. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या कातडे काळवंडल्यामुळे वाचता येत नव्हत्या; जेरुसलेमच्या संग्रहालयात नजीब अल्बिना या छायाचित्रकाराने १९५० नंतरच्या वर्षांत त्यांची अवरक्त छायाचित्रे घेतली, तेव्हा काळ्यावरचे काळे वाचता आले. दोन हजार वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो, तर अम्मांचा का येऊ नये, असा मी हिशेब केला. अल्बिनाला काय काय आडवे आले असेल, ते मी हिशेबात धरले नाही.

फिल्म मिळवण्यातच श्रावण गेला. कोडॅकची प्रसिद्ध अवरक्त फिल्म २००७ मध्येच बंद झाली. आता मिळते ती रोलायच्या नावाची, साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंत पाहणारी. बोराबाजारात दोन चकरा झाल्यावर चार रोल हाती आले. शिवाय एक काळी काच, ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचे सगळे अडवणारी. ती भिंगावर चढवली, की खिडकीतून पाहणाऱ्याला अमावास्या. (ही काच डोळ्यावर धरून सूर्याकडे कधीही पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. दिसत काही नसले, तरी अवरक्त सारे आत जाते आणि डोळा भाजतो.)

पहिला रोल मी दिवाणखान्यात, चांगल्या लख्ख दिव्याखाली काढला. न्हाणीघरात धुतला, हायपोतून काढला, आणि पाहतो तो काय, पट्टी कोरी! एकही चित्र नाही. औषध बिघडले म्हणून मी औषधाला दोष दिला, न्हाणीघराच्या दाराच्या फटीला दिला, सौ.नी मध्येच दार ठोठावले होते त्यालाही दिला. खरा दोष दिव्याचा होता. हल्लीचे एलईडी दिवे वीज वाचवतात ते याचसाठी, की न दिसणाऱ्या किरणांवर ते ती उधळत नाहीत. माझ्या लख्ख दिव्यात अवरक्त जवळजवळ नव्हतेच. तापणारा, उधळ्या, जुना पिवळा बल्बच पाहिजे होता. दुकानदार म्हणाला, “काका, ते कोण ठेवतो आता?” अखेर तो सापडला आमच्याच माळ्यावर, आकाशकंदिलाच्या पोटात. साठ वॅटचा.

दुसऱ्या रोलवर चित्र आले. डाग खरोखरच गेला होता! मी पट्टी तशीच ओली घेऊन अम्मांकडे धावलो. पण मोठी प्रत काढली तेव्हा सगळी अक्षरे लोकर पांघरून बसल्यासारखी दिसली. मी तर डोळ्यांनी अगदी काटेकोर नेम धरला होता. भिंगातून कागदाचा तंतू न् तंतू दिसत होता. मग हे काय?

येथे तो लाल ठिपका येतो.

काच सगळ्या रंगांना सारखी वाकवत नाही. निळ्याला अधिक वाकवते, तांबड्याला कमी, अवरक्ताला त्याहून कमी. कमी वाकलेले किरण दूर जाऊन एकत्र येतात. साध्या एका काचेचे, १०० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग घेतले, तर पिवळ्या उजेडाचे चित्र जिथे पडते, त्याच्या एक मिलिमीटरहून थोडे अधिक मागे ८०० नॅनोमीटरच्या अवरक्ताचे पडते. आणि ३६५ नॅनोमीटरच्या जंबुपार किरणांचे साडेतीन मिलिमीटर पुढेच पडते. कॅमेऱ्याचे भिंग इतके साधे नसते. त्यात दोन तऱ्हांच्या काचा एकमेकींना सावरून घेतात, नवराबायकोसारख्या. एक खर्चिक आणि एक चिकट. पण ही समजूत दिसणाऱ्या रंगांपुरतीच केलेली असते. अवरक्त त्या समजुतीच्या बाहेरचे. त्याच्यासाठी भिंग फिल्मपासून केंद्रांतराच्या साधारण पाव टक्का अधिक दूर न्यावे, असा जुना आडाखा आहे. माझ्या ५० मिलिमीटरच्या भिंगाला हे झाले एक अष्टमांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका जाड पानाइतके. तेवढे अंतर पुढे सरकवण्याची खूण म्हणजे लाल ठिपका. आधी काळी काच न लावता डोळ्याने नेम धरायचा, पांढऱ्या रेघेसमोर जो आकडा आला तो लाल ठिपक्यासमोर आणायचा, आणि मग काळी काच लावायची.

जंबुपार किरणांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. साध्या काचेत ते पुढे पडतात खरे. पण दोन काचांची समजूत झालेल्या भिंगात तेही, अवरक्तासारखेच, मागे पडतात. ज्या दोन रंगांची गाठ बांधली, त्यांच्या बाहेरचे दोन्हीकडचे पाहुणे एकाच बाजूला सरकतात. हे मला प्रथम पटेना. कागदावर आकृती काढली तेव्हा पटले.

वहीच्या पानाने एवढा फरक पडावा का, असे तुम्ही म्हणाल. एरवी पडला नसता. भिंगाची झडप बारीक केली, की नेमाची चूक पोटात घातली जाते. एफ ११ ला फिल्मच्या मागेपुढे तिसरा हिस्सा मिलिमीटर चूक चालते. एफ २ ला मात्र त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नाही. मी एफ २ ठेवले होते, कारण खाली कारखाना चालू होता. झडप बारीक केली असती, तर दहा-बारा सेकंद उघडी ठेवावी लागली असती, आणि तेवढ्या वेळात यंत्रांनी माझ्या तिकाटण्याला नाचवले असते. म्हणजे हलल्याने पुसट, नाहीतर नेम चुकल्याने पुसट.

आणि अम्मांच्या यादीत पुसट अजिबात चालणार नव्हते. सिंधी लिपी अरबी वळणाची. तिच्यात बावन्न अक्षरे आहेत, आणि पुष्कळ अक्षरांची ओळख केवळ टिंबांवर. एकच होडीसारखी रेघ; तिच्याखाली एक टिंब दिले तर आपला ‘ब’, दोन दिली तर श्वास आत ओढून म्हणायचा सिंधी ‘ब’, तीन दिली तर ‘प’, चार दिली तर ‘भ’. मराठीत अनुस्वार गळला तरी आपण चालवून घेतो. सिंधीत एक टिंब गळले, की माणूस बदलतो.

हे मला अम्मांनी शिकवले, त्याच पुसट प्रतीवर. यादी बरीचशी त्यांना अंदाजाने लागली. शिवणयंत्र शेजारच्या शिंप्याकडे. खाटा दोन, मास्तरांकडे. म्हैस दूधवाल्याकडे. मग ‘बरोबर’ असे लिहून त्याखाली काही शब्द होते, आणि त्यांतल्या एका शब्दावर अम्मा थांबल्या. बोट तिथेच राहिले.

“काय आहे?” मी विचारले.

“एक टिंब असेल तर ‘बार’. म्हणजे ओझे, गाठोडे. ‘दोन गाठोडी.’” मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “दोन टिंबे असतील तर मूल. ‘दोन मुले.’”

सिंधीत हे खरोखरच असे आहे. बाकी अक्षरे तीच. एका टिंबाने ओझे, दोन टिंबांनी मूल.

त्या एवढ्या का थांबल्या, ते सौ.नी नंतर मला सांगितले. अम्मांना लहानपणापासून एक धाकटा भाऊ आठवतो. आगगाडीत तो मांडीवर होता असे आठवते, आणि कल्याणला उतरल्यावर आठवत नाही. मोठी झाल्यावर त्यांनी आईला विचारले, तर आई उठून स्वयंपाकघरात गेली. आत्या म्हणाली, तो शेजाऱ्यांचा असेल. वडिलांना विचारण्याचे धाडस झाले नाही. घरात एकही फोटो नाही, नाव कुणी घेतले नाही. सत्तर-पंच्याहत्तर वर्षे बाईंना वाटत आले, की आपण स्वप्न पाहिले असावे.

माझ्या प्रतीवर त्या रेघेखाली एक लांबट काळा ठिपका होता. सिंधीतली ती दोन टिंबे शेजारीशेजारी नसतात, एकाखाली एक असतात. एक टिंब जरा ओढले गेले असेल, किंवा दोन एकमेकांत मिसळली असतील. प्रतीवरून काही म्हणता येईना.

तिसरा रोल मी तपासणीला वाहिला. त्यातली दोन चित्रे अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी काढली, कारण दूरच्या दृश्यावर ठिपका कितपत खरा बोलतो हे पाहायचे होते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते शिलाहारांचे देऊळ. त्याच्या कोरीव कामाइतकी कडक परीक्षा भिंगाला दुसरी नाही. एक चित्र पांढऱ्या रेघेवर, एक लाल ठिपक्यावर. पहिल्यात मूर्ती गुळगुळीत, दुसऱ्यात दागिन्यांचे मणी मोजावेत. आणि झाडे! पाने अवरक्त परत फेकतात, म्हणून भर भाद्रपदात अंबरनाथला बर्फ पडल्यासारखे दिसत होते. वालधुनी काळी कुळकुळीत. पण ती एरवीही तशीच असते, त्यासाठी अवरक्त फिल्म नको. या पांढऱ्या झाडांना इंग्रजीत ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. वुड म्हणजे लाकूड नव्हे. रॉबर्ट वुड नावाचे अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञ, ज्यांनी १९१० साली अशी छायाचित्रे प्रथम प्रसिद्ध केली.

पण लाल ठिपका दूरच्या दृश्यासाठी कोरलेला असतो. मला तर हातभर अंतरावरचा कागद घ्यायचा होता, तोही भिंगामागे बारा मिलिमीटरची जादा कडी घालून. जवळच्या वस्तूला ही तफावत वाढते, तेव्हा ठिपका पुरा पडत नाही. यावर मी घरगुती तोड काढली. कागदाच्या जागी नातवाची पट्टी तिरकी ठेवली, तिच्या मधल्या आकड्यावर डोळ्याने नेम धरला आणि अवरक्तात चित्र काढले. फिल्मवर मधला आकडा पुसट आणि त्याच्या पलीकडचा स्पष्ट. हिशेब केला, तर डोळ्याचा नेम आणि फिल्मचा नेम यांत उभे अंतर तीन मिलिमीटर निघाले. मग सोपे झाले. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा तीन पदरी घेऊन कागदाखाली सारायचा, डोळ्याने नेम धरायचा, आणि चित्र घेण्यापूर्वी पुठ्ठा काढून टाकायचा. कागद आपोआप तीन मिलिमीटर खाली, म्हणजे अवरक्ताच्या नेमावर जातो. हजारो रुपयांच्या उपकरणांचे काम काजू कतलीच्या खोक्याने केले.

अशी उपकरणे आहेत, आणि त्यांच्याविषयी दोन शब्द न लिहिणे अन्यायाचे होईल. जंबुपारापासून अवरक्तापर्यंत एकाच नेमावर चालणारी भिंगे मोजक्याच कारखान्यांनी केली: निकॉनचे १०५ मिलिमीटरचे यूव्ही निक्कोर, त्साइसचे तेवढ्याच केंद्रांतराचे यूव्ही सोनार, पेंटॅक्सचे ८५ मिलिमीटरचे अल्ट्रा अक्रोमॅटिक टाकुमार. साधी काच साधारण ३५० नॅनोमीटरच्या खाली जंबुपार किरणांना आत येऊच देत नाही. म्हणून असल्या भिंगांत स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, आणि फ्लोराइट वापरतात. फ्लोराइट महाग आणि नाजूक. किंमत विचारली, तर आकडा लाखांच्या घरात जातो आणि विचारणारा दुकानाबाहेर. अशा भिंगाने सूर्यफुलाचे चित्र घेतले, तर आपल्याला सरसकट पिवळ्या दिसणाऱ्या पाकळ्या बुडाशी काळ्या आणि टोकाशी उजळ दिसतात. मधमाशीला फूल दिसते ते तसे. हौशी लोक जुन्या एन्लार्जरची पाच-सहा काचांची भिंगे लावून यात थोडेफार यश मिळवतात, आणि अगदीच कफल्लक असेल त्याला टाचणीचे भोक आहे. भोकात काचच नसल्याने ते काही अडवत नाही, आणि त्याचा नेमही चुकत नाही. मात्र काहीच अगदी स्पष्ट येत नाही.

नवे डिजिटल कॅमेरेवाले म्हणतील, की एवढा खटाटोप कशाला? आतली अवरक्त गाळणारी काच काढून टाका, पडद्यावर पाहूनच नेम धरा. त्यांचे बरोबर आहे. पडद्यावर दिसते तेच चित्र असते, तिथे ठिपक्याचे काम उरत नाही. पण असा कॅमेरा उघडून घ्यायला पैसे लागतात, आणि माझ्यापाशी एक रोल उरला होता.

तो मी लक्ष्मीपूजनाच्या रात्री घातला. कारखाना चार दिवस बंद. फटाके थांबायला दोन वाजले. सौ. आणि अम्मा, दोघीही जाग्या होत्या. अम्मांच्या घरी त्यांची डियारी नुकतीच आटोपली होती. आकाशकंदिलातला बल्ब काढून मी तिरका टांगला, तेव्हा आमच्या दारातला कंदील त्या रात्रीपुरता अंधारात राहिला. सौ.नी काही म्हटले नाही. झडप एफ ११. पुठ्ठा सारला, नेम धरला, पुठ्ठा काढला, काळी काच लावली. दहा सेकंद, वीस सेकंद, चाळीस सेकंद; प्रत्येकी तीन-तीन चित्रे. मोजताना आम्ही तिघेही श्वास धरून होतो, जणू आमच्या श्वासानेच जमीन हलणार होती.

पाडव्याला प्रत काढली, पंचांगाच्या पानाएवढी मोठी. अम्मांना मोतीबिंदूमुळे कमी दिसते, म्हणून सोबत भिंगही नेले. त्यांनी शिवणयंत्र वाचले, खाटा वाचल्या, म्हैस वाचली. मास्तरांचे आडनाव आता स्पष्ट लागले, तेव्हा हसल्या. मग बोट खाली आले.

टिंबे दोन होती. एकाखाली एक, मध्ये कागदाची पांढरी फट.

अम्मांनी ती नखाने मोजली. पुन्हा मोजली. मग सौ.ना जवळ बोलावून मोजायला सांगितले, जणू आम्हा दोघांपेक्षा तिसऱ्याची साक्ष हवी होती. सौ.नी मोजली आणि म्हणाल्या, “दोन आहेत अम्मा.” त्यावर अम्मा काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि बराच वेळ आतच होत्या. आल्या तेव्हा हातात आमचेच करंज्यांचे ताट होते, त्यांच्याकडची मिठाई घालून परत केलेले.

शेवटची ओळ राहिली. ती शाईची, अवरक्तात ती समूळ नाहीशी झाली, प्रतीवर तिथे कोरी पांढरी जागा आहे. तिच्यावर उपाय उलट टोकाचा, जंबुपार किरणांचा. त्या उजेडात कागद स्वतः किंचित चमकतो, आणि जिथे शाईचा अंश मुरला असेल तिथे तो चमकत नाही. चमक डोळ्याला दिसणारी असल्याने लाखांचे भिंग लागत नाही. साध्या भिंगावर जंबुपार अडवणारी पिवळसर काच चढवली, की पुरते. दिवाही घरचाच. आमच्या बाजारात कापडाच्या प्रत्येक दुकानात नोटा तपासायचे निळ्या दिव्याचे यंत्र असते. खालच्या कारखानदाराने आपले दिले आहे. त्याखाली कागद धरला, तेव्हा ओळीच्या सुरुवातीची तीन-चार अक्षरे काळपट दिसली. अम्मांचे म्हणणे, ते नाव असावे.

यंदाही लक्ष्मीपूजनाला यंत्रे बंद असतील. पुठ्ठ्याची गरज या वेळी नाही, आणि कंदीलही दारात लागेल.